बर्फावरचा पिवळा ठिपका

मित्रांनो, नावावर जाऊ नका. मी एक जुने सोनेरी हेल्मेट आहे खरे, पण माझ्यात गुंजभरही सोने नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशातली माझी गत. आतून साधे प्लॅस्टिक, त्यावर पिवळ्या रंगाचे दोन हात आणि कपाळावर एका सॉसेजवाल्याचे नाव. आतल्या स्पंजाला आजवर बसलेल्या सगळ्या डोक्यांच्या घामाचा वास येतो. कोइवुकोस्की गावच्या आइस हॉकी संघाच्या सामानखोलीत, स्केटना धार लावायच्या यंत्राशेजारी, एका खिळ्यावर मी टांगलेला असतो.

आमच्या फिनलंडात व्यावसायिक हॉकीची एक रीत आहे. गोल केला की एक गुण, आणि गोलासाठी पास दिला तरी एक गुण. संघात ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याने सामन्यात सोनेरी हेल्मेट घालायचे. बाकीच्यांची निळी. शेवटच्या रांगेतल्या आजीबाईलाही कळावे, की आपला वाघ कोणता. श्रीमंत संघ प्रत्येक डोक्याच्या मापाचे नवे हेल्मेट रंगवून घेतात. आमच्याकडे मी एकटाच. डोके बदलले की सामान सांभाळणारा आर्वो स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझे कानशिलावरचे स्क्रू ढिले करतो नाहीतर आवळतो आणि म्हणतो, "चल म्हाताऱ्या, नवं घर."

माझे सुरुवातीचे दिवस मानाचे होते. कागदाच्या गिरणीतली पाळी संपली की माणसे जेवायला घरी न जाता थेट हॉकीच्या हॉलवर यायची. मोहरी लावलेले गरम सॉसेज खात "सोनेरी! सोनेरी!" असा गलका करायची. मला वाटायचे, ती मलाच हाका मारताहेत. गर्वाचे घर खाली असते, हे मला तेव्हा कुणी सांगितले नव्हते.

मग गिरणीतली मोठी यंत्रे एकेक करून थांबली. गावातली तरुण माणसे दक्षिणेकडे निघून गेली, हॉलमधली बाकडी रिकामी पडू लागली, आणि आमचा संघ हरू लागला. असा हरला, की गुणतक्त्यात आमचे नाव शोधायला लोक खालून वाचायला लागले. तेव्हा संघाचा नवा व्यवस्थापक म्हणून वेस्टरिनेन आला. उंच, वाकलेला, सतत सर्दी झालेला माणूस. त्याच्या कचेरीतले कॉफीचे यंत्र बिघडलेले होते, म्हणून तो कॉफीला आर्वोच्या खोलीत यायचा. त्यामुळे माझ्या कानावर सगळे पडायचे.

"आर्वो, या संघाला ठिगळं लावून चालणार नाही," तो एकदा म्हणाला. "पायापासून बांधावा लागेल. एक महागडा विकायचा, त्याच्या बदल्यात तीन तरुण आणायचे. दोन वर्षं मार खाऊ. तिसऱ्या वर्षी बघ."

"आणि महागडा कोण, हे कसं ठरवणार?" आर्वोने विचारले.

वेस्टरिनेनने कपातून नाकही वर न काढता माझ्याकडे बोट दाखवले. "ते तर खिळ्यावर टांगलेलंच आहे की."

त्या दिवसापासून मी मान राहिलो नाही, खूण झालो. बाजारात बकऱ्याच्या पाठीवर रंगाचा पट्टा मारतात ना, तशी. आधी रादिम गेला. तो चेक देशाचा होता, स्केट बांधताना गुणगुणायचा. त्याच्यानंतर मी ओस्कारच्या डोक्यावर चढलो आणि थोड्याच दिवसांत ओस्कारनेही बॅग भरली. कपडे बदलायच्या खोलीत माझी थट्टा सुरू झाली.

"आर्वो, ते इकडे आणू नकोस रे बाबा. माझ्या बायकोने आत्ता कुठे घरात पडदे लावलेत."

"माझे गुण मोजताना जरा चूक कर ना. आयुष्यभर उपकार विसरणार नाही."

सगळे हसायचे. मला मात्र खिळ्यावरून उतरावेसे वाटेना.

ओसाड गावात एरंड बळी म्हणतात, तसे झाले. चांगले चांगले विकून झाल्यावर सर्वाधिक गुण उरले सामुली हाकालाच्या नावावर. सामुली याच गावचा. तेहेतीस वर्षांचा, पायाने जरा मंद, पण खेळातली ती रबरी चकती कुठे येणार ते त्याला आधी कळायचे. त्याला मोठे नाव नको होते. त्याला गाव हवे होते, कारण गावात त्याचे वडील होते. ओलावी हाकाला यांनी सगळी हयात गिरणीत घालवली. बायको गेल्यावर ते तळ्याकाठच्या घरात एकटे राहत. परक्या बाईच्या हातचे खायचे नाही आणि परक्या माणसाचा हात धरायचा नाही, असा त्यांचा हट्ट. सामुली रोज त्यांना जेवण नेऊन द्यायचा आणि शनिवारी त्यांच्यासाठी सौना, म्हणजे वाफेची खोली, तापवायचा. तो गेला असता, तर हे दुसऱ्या कुणाला त्यांनी करू दिले नसते.

आर्वोने माझे स्क्रू सामुलीच्या मापाचे केले, तेव्हा तो आरशात बघून म्हणाला, "मी हे फार दिवस घालणार नाही."

"काय करशील?"

"गोल मारणंच बंद. लाटव्हियाहून आलेल्या त्या नव्या राइविसला पास देत राहीन. त्याचे गुण वाढतील, हे त्याच्या डोक्यावर जाईल. तो एकटा जीव, त्याला कुठेही पाठवा."

बेत वाईट नव्हता. पण सामुलीने दिलेले पास असे नेमके जायचे, की राइविसच काय, ज्याच्यासमोर चकती येईल तो गोल मारायला लागला. गोल तिघाचौघांत वाटले गेले आणि पास मात्र सगळे एकट्या सामुलीचे. त्याचे गुण पूर्वीपेक्षा जोरात वाढले. संघ दोनदा जिंकलासुद्धा. आर्वो तर पोट धरून हसला.

"करायला गेलास एक आणि झालं भलतंच! अरे, सरळ खराब खेळ ना. ते तर कुणालाही जमतं, इतकी वर्षं आपण तेच करतोय."

सामुली हसला नाही. "बाबा बघत असतात," एवढेच तो म्हणाला.

ओलावींची जागा ठरलेली होती. खेळाडूंच्या बाकड्याला लागून, काचेपलीकडची पहिली खुर्ची. सामना सुरू व्हायच्या आधी सामुली काचेवर स्टिकने दोनदा टकटक करायचा, आणि ओलावी थर्मासचे झाकण उंच करायचे. बापलेकांत एवढेच बोलणे. आमच्याकडे याला पुष्कळ बोलणे म्हणतात.

एका जिंकलेल्या सामन्यानंतर सामुली मला काखेत मारून हॉलच्या कॉफीच्या टपरीवर आला. ओलावी तिथे वेलचीचा गोड पाव कॉफीत बुडवत बसले होते. त्यांनी चाचपडत हात पुढे केला. तो माझ्यावर टेकला.

"हेच का ते?" त्यांनी मला दोन्ही हातांत घेतले. त्यांच्या तळव्यांना अजून गिरणीचे घट्टे होते. "सामुली, एक सांगतो. चिडायचं नाही."

"सांगा."

"दोन वर्षं झाली, मला बर्फावर कुणी दिसत नाही. नजरेच्या मधोमध धुकं आहे. सगळी निळी डोकी एकात एक मिसळतात."

सामुलीचा कप ओठापाशीच थांबला. "पण तुम्ही टाळ्या वाजवायचात."

"शेजारचे वाजवायचे, मग मी वाजवायचो."

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तू मला इथे आणलं नसतंस. घरी रेडिओ लावून दिला असतास." मग म्हातारा हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. "पण आता हे आलं. पिवळा ठिपका. तो इकडून तिकडे पळतो आणि मला कळतं, तो माझा पोरगा. म्हातारपणी मला सिनेमा दिसायला लागला, लेका."

सामुलीने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "कॉफी निवतेय, बाबा."

मित्रांनो, मी तुम्हाला काय सांगू? मला उतरवून ठेवावे, तर बापाला लेक दिसत नाही. घालावे, तर लेक विकला जातो. आणि मी त्या दोघांच्या मध्ये, एक प्लॅस्टिकचे भांडे. एकदा धक्काबुक्कीत माझा पट्टा सुटला आणि मी बर्फावर घरंगळत गेलो. मला वाटले, आता फुटावे आणि मोकळे व्हावे. एवढ्यात काचेपलीकडे ओलावी उभे राहिलेले दिसले. मी कुठे गेलो ते शोधत त्यांची मान भिरभिरत होती. सामुलीने मला उचलून पुन्हा घातले, तेव्हा ते खाली बसले.

त्यानंतर सामुलीने मला टाळायचे सोडले. तो असा खेळू लागला, की मंद पायांना कुणी तेल घातले असावे. गोल, पास, सगळे. सारखा बापाच्या बाजूला, काचेजवळून जायचा. मी वर बसून हरखायचोही आणि घाबरायचोही. कारण वरच्या रांगेत आता लांब कोटातली अनोळखी माणसे येऊन बसू लागली होती. त्यांना नाव विचारायची गरज नव्हती. पिवळ्याकडे बोट केले की झाले.

खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपायच्या दिवशी वेस्टरिनेन कॉफी न घेताच सामानखोलीत आला. सामुली बाकड्यावर बसून स्टिकला टेप गुंडाळत होता. वेस्टरिनेनचा चेहरा बघूनच त्याने टेप खाली ठेवली.

"मला शेवटच्या फळीत टाका," सामुली म्हणाला. "बाकड्यावर बसवून ठेवा. पण इथे ठेवा."

"सामुली, तू गेलास तर तीन पोरं येतात. तू राहिलास तर पुढच्या वर्षी या हॉललाच कुलूप लागेल. मग तुझे बाबा कुठे येऊन बसतील?" वेस्टरिनेनने नाक पुसले. या वेळी ती सर्दी नव्हती. "दुसरं कुणी असतं ना विकायला, तर शपथेवर सांगतो, त्याला विकलं असतं."

तो खोटे बोलत नव्हता. तो दुष्ट असता, तर मला निदान कुणावर तरी रागावता आले असते.

सामुलीने मला खिळ्यावरून काढले आणि माझ्यावरचा जुना ओरखडा अंगठ्याने घासला. "तुम्ही मला याच्यावरून ओळखलंत," तो म्हणाला. "बाबाही मला याच्यावरूनच ओळखतात. दुसरं काही म्हणणं नाही माझं."

सामुलीने मला परत टांगले, जरा वाकडा बसलो होतो तो सरळ केला, आणि आपल्या स्केटची पिशवी उचलून तो दक्षिणेच्या बसला गेला. आर्वो धार लावायचे यंत्र चालू करून उगाचच उभा राहिला. खाली स्केट नव्हतेच.

पुढच्या सामन्याला मी राइविसच्या डोक्यावर आलो. त्याचे डोके लहान, आर्वोला स्क्रू पार आवळावे लागले. बाकड्यावर बसल्या बसल्या मी काचेपलीकडे पाहिले आणि माझ्या स्पंजातला गारवा वाढला. ओलावी आले होते. काठी टेकत, गोठलेल्या तळ्याच्या कडेने, एकटेच. मांडीवर थर्मास होता.

आर्वो त्यांच्याजवळ गेला. "ओलावी, सामुली गेला हो. त्याने फोन केला ना तुम्हाला?"

"केला. रोज करतो. जेवलात का, विचारतो. जेवलो, म्हणतो."

"जेवता का पण?"

"तू माझी बायको आहेस का?"

आर्वो हळूच म्हणाला, "मग आज इतक्या थंडीत कशाला आलात?"

"घरी बसून भिंत बघू? इथे निदान पिवळं काहीतरी पळतं." ओलावींनी थर्मासचे झाकण फिरवून काढले. "आर्वो, ते आता कुणाच्या डोक्यावर आहे, ते तुला ठाऊक असेल. मला नाव सांगू नकोस. एवढं कर."

राइविसला आमची भाषा येत नाही. तो शिट्टी वाजताच बर्फावर उतरला. आम्ही काचेजवळून जाताना म्हाताऱ्याने झाकण उंच धरले. मी जिवाच्या आकांताने त्या बाजूला वळायला बघितले. पण मित्रांनो, डोके हेल्मेटाला वळवते, हेल्मेट डोक्याला वळवू शकत नाही. राइविस तसाच पुढे गेला. काचेवर टकटक झाली नाही. झाकण जरा वेळ हवेत राहिले आणि मग खाली आले.

नंतर राइविसने गोल मारला. मोजकीच माणसे होती, तीही सॉसेज खाण्यात गुंतलेली. त्या दिवशी टाळी सर्वांत आधी वाजली ती ओलावींची.

ते अजून येतात. तीन तरुण आले आहेत, पोरे गुणी आहेत, आम्ही अजून हरतोच आहोत. तिसऱ्या वर्षी काय होईल ते वेस्टरिनेनलाही माहीत नाही. संघ मोडला असेल तर तो नव्याने बांधायलाच हवा, हे मलाही पटते. पण मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात माणसे हलवायचे काम येईल. तेव्हा एखाद्याला उचलण्याआधी काचेपलीकडे कोण बसले आहे, ते एकदा बघून घ्या. बघूनही कदाचित काही करता येणार नाही. तरी बघा.

आणि माझ्यासाठी एकच मागणे आहे. माझा रंग आता उडत चालला आहे. कानशिलापाशी खालचे पांढरे दिसू लागले आहे, आणि बर्फही पांढराच. ओलावी हल्ली खुर्चीत पुढे वाकून बसतात, कपाळ काचेला टेकवून. कुणाच्या हाताशी ब्रश असेल, तर मला पिवळ्या रंगाचा एक हात द्या. चकाकी नको, सोनेरी म्हणायलाही नको. त्या खुर्चीतून दिसेन, एवढाच द्या.