नत्थुजींची म्हैस आणि जयवंताची शाळा

सत्तावन्न साली बार्शीटाकळीच्या शाळेत जयवंताचं नाव पाचवीत घातलं आणि त्याच आठवड्यात घरच्या म्हशीचं दूध निम्म्यावर आलं. जयवंताच्या आजोबांना, नत्थुजींना, एवढा पुरावा पुरेसा होता.

"पोरगी शायेत गेली अन् दूध गेलं. आता आणखी काय पाहाचं? बंद करा तिची शाया."

"त्याच आठवड्यात तुमी अकोल्याहून चष्मा बी आणला," आजी गोदाबाई चुलीपाशी बसून म्हणाली. "त्याले काहून सोडता?"

नत्थुजी न्यायी माणूस. त्यांनी चष्मा काढून कोनाड्यात ठेवला. काही दिवस ते दारच्या खांबाला रामराम करत होते. दूध वाढलं नाही. चष्मा निर्दोष सुटला.

मग शाळेची पाळी आली. जयवंताला घरी बसवलं, आणि दूध वाढलं.

"पाह्य!" नत्थुजी म्हणाले. "आता तं अख्खं गाव म्हणून राहिलं, शायेनंच झालं."

"गावानं म्हैस दोहली काय?" गोदाबाईनं विचारलं.

जयवंता रडली नाही. गोठ्यात बसून ती आठवू लागली: घरी असले की आपण असं काय करतो, जे शाळेत गेल्यावर राहून जातं? पाटी तर म्हशीनं कधी पाहिलीच नव्हती. तेवढ्यात तिची नजर घमेल्यात भिजत असलेल्या सरकीवर गेली. रोज सकाळी सरकी भिजवायचं काम तिचं. ती शाळेत गेली की नत्थुजी पोत्यातली कोरडी सरकी तशीच म्हशीपुढे टाकत, आणि म्हैस ती तुडवून टाकी.

संध्याकाळीच तिनं उद्याची सरकी भिजत घातली.

"आबा, उद्यापासून मी शायेत जाते. तुमी म्हशीले हीच टाका. दूध उतरलं, तर मी आपली घरीच बसीन."

आठवडा गेला. दूध उतरलं नाही.

नत्थुजींनी बराच विचार केला. "म्हंजे दूध शायेनंच गेलं होतं ना? शाया नसती तं सरकी भिजली असती."

"सरकी भिजवाले पोरगी नाही लागत, आबा. पाणी लागते."

नत्थुजी पाण्याची बादली आणायला उठले.

तेव्हापासून सरकी तेच भिजवू लागले, आणि जयवंताच्या शाळेचा विषय मिटला. पारावर मात्र ते चष्म्याची काच धोतरानं पुसत सांगत, "मधात काही दिवस काढून ठेवला होता. पुन्हा घातला, अन् म्हैस सुधरली!"