पुरवून वाचलेले टोमणे

बारक्याला बारक्या का म्हणतात, हा प्रश्न त्याला पहिल्यांदा पाहणाऱ्या प्रत्येकाला पडायचा. तो दारात उभा राहिला की मागचा उजेड बंद. पण ताईचा तो धाकटा भाऊ, म्हणून तिच्या लेखी बारक्याच, पोटाचा घेर कितीही वाढो. मागच्या वर्षी ऑफिसचा जिना चढताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो तिथंच बसला. उठला नाही.

ताईचं कपडे दुरुस्तीचं दुकान. रस्त्याकडच्या खोलीत दोन शिलाई मशिनं, एक इस्त्री, आणि दुसऱ्यांच्या उसवलेल्या कपड्यांचा ढीग. कुणाची झिप बिघडलेली, कुणाची पँट लांब, कुणाचं पोट सुटलेलं आणि दोष शिंप्याला. बारक्यानंच तिला ब्लॉगच्या नादी लावलं. "दिवसभर माझ्यावर तोंड चालवतेस, तेच तिकडे चालव. जगाचं भलं होईल," म्हणाला. ताईनं आधी उडवून लावलं, आणि एकदा लिहायला लागली ती थांबेचना. झिजलेली कॉलर उसवून उलटी कशी लावायची, फाटक्या खिशाला अस्तर कसं द्यायचं. लांबलांबची माणसं वाचायला लागली.

लिहिणं तिचं, बाकी सगळं बारक्याचं. ब्लॉगला काही नवीन जोडायचं तर त्यासाठी तो स्वतः प्लगइन, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहायचा आणि तिच्या हातात फक्त एक शब्द द्यायचा. "ताई, तू कापडावर खडूनं खूण करतेस ना, तसा हा शब्द चौकटी कंसात टाक. कात्री मागे माझं प्लगइन चालवेल." तिनं लेखात [कापड] असं टाकलं की वाचणाऱ्यासमोर तिथं दोन रकाने उघडत. उंची आणि घेर भरला की कापड किती लागेल ते दिसे. ताईला जादूच वाटली, पण तसं कबूल करणाऱ्यांतली ती नव्हे. "बरं आहे," एवढंच म्हणाली.

मग एकदा त्यानं तिला न विचारता प्रत्येक लेखाच्या तळाशी आणखी एक शब्द घातला. [टोमणा]. पान उघडलं की त्या जागी बारक्याची एक ओळ उमटे, दर वेळी नवी, बहुतेकदा त्या लेखालाच धरून. 'ही बाई काज सरळ करायला शिकवते, पण हिचा स्वभाव कुणी सरळ करेल का?' 'दाजींचा शर्ट बघू नका. लोहाराच्या घरी सुरीला धार नसते.' ताईनं त्याच्यावर खेकसायला फोन लावला. अर्थात बारक्यानं फोन उचलला नाही. तो कधीच उचलत नसे. तासाभरानं स्वतः करायचा आणि विचारायचा, "काय गं, घर पेटलं का?"

"किती आहेत रे असल्या ओळी?" त्याचा फोन आल्यावर तिनं विचारलं.

"भरपूर. तुझ्या चुका संपतील, माझे टोमणे संपायचे नाहीत."

तो गेल्यावर ताईनं बरेच दिवस ब्लॉग उघडलाच नाही. मग एके सकाळी, दुकान उघडायच्या आधी, चहाचा कप घेऊन उघडला. तळाशी त्याची ओळ आली, तिनं कधी न वाचलेली. तिच्या हातातला चहा निवून गेला. तेव्हापासून तिनं स्वतःला नियम घातला. रोज सकाळी एकच पान, एकच टोमणा. दुसरा मागायचा नाही. डबा कधीतरी रिकामा होणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती घासाघासानं पुरवत होती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. साठीला आलेली बाई मेलेल्या भावाचे टोमणे रोज एकेक करून खाते, हे सांगायचं तरी कसं?

नवरा पाण्याची मीटरं वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला. भला माणूस, पण हाताला चाळा. गळका नळ दिसला की पाना काढणार, आणि नळ गळका नसला तरी काढणार. ब्लॉग हल्ली उघडायला वेळ लावतो, अशी ताई दोनदा कुरकुरली होती. ती बटणं आणायला बाजारात गेली आणि हा तिच्या कॉम्प्युटरसमोर बसला. प्लगइनांच्या पानावर बारक्याच्या नावापुढं लाल पट्ट्या होत्या: जुनं झालं आहे, धोका संभवतो. लाल म्हणजे गळती, एवढं त्याला मीटरांमुळे पक्कं ठाऊक. त्यानं ती प्लगइनं आधी बंद केली आणि मग काढूनच टाकली. कॉम्प्युटरनं विचारलं, फाइलींसकट जाईल, नक्की ना? नक्की, म्हणाला.

ताई आली तेव्हा तो दारातच उभा होता, खुशीत. "बघ, कसा झटक्यात उघडतो आता!"

ब्लॉग खरंच झटक्यात उघडला. ताईनं पान खाली सरकवलं. तळाशी [टोमणा] एवढंच होतं, कंसासकट. दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा ती भराभर पानं उघडत सुटली, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तो एक उघडा शब्द होता.

"अहो, काय केलंत?"

"जुनी झाली होती गं ती. लाल दाखवत होतं."

"त्यात तो होता," ताई म्हणाली. मग बटणांची पुडी हातात तशीच धरून ती कपड्यांच्या ढिगावर बसली आणि लहान पोर रडतं तशी रडली. रोजच्या एका टोमण्याचं तिनं रडत रडत सांगितलं, तेव्हा कुठं नवऱ्याला सगळं कळलं.

ब्लॉगला इंटरनेटवर जागा देणाऱ्या होस्टिंग कंपनीतल्या मुलीनं फोनवर धीरानं सगळं ऐकून घेतलं. पण बारक्यानं सगळ्यात स्वस्त योजना घेतलेली, तिच्यात मागची प्रत ठेवत नाहीत. "प्रत त्यांच्या लॅपटॉपवर असेल," ती म्हणाली. भावजयीला विचारलं. लॅपटॉप ऑफिसचा होता, तो परत गेला, पुसला गेला आणि दुसऱ्या कुणाला मिळालाही. "ताई, मला माहीत असतं तर..." म्हणून भावजय फोनवरच रडायला लागली, आणि ताईला तिचीच समजूत घालावी लागली.

ताईला राग नवऱ्याचा आला, पण खरा आला तो स्वतःचा. अधाशासारखे एका दिवसात सगळे वाचून टाकले असते तर निदान पाठ तरी झाले असते. नवऱ्याला एका शब्दानं सांगितलं असतं तर त्यानं त्या लाल पट्ट्यांना हात लावला नसता. जपून ठेवायला गेली आणि न वाचलेलेच हातचे गेले. नवरा घरात पाहुण्यासारखा वावरू लागला. पानासुद्धा माळ्यावर टाकून आला.

तंबू शिवणाऱ्या एका वाचकानं ब्लॉगवर विचारलं, लेखाखाली हा कंसातला शब्द कसला? कंपनीतल्या मुलीनं फोनवर सांगितलं होतं, सगळ्या लेखांतून तो शब्द एका झटक्यात काढता येईल. ताईनं काढू दिला नव्हता. तंबूवाल्याला तिनं उत्तर लिहिलं, "तिथं माझा भाऊ असायचा."

दुसऱ्या दिवशी तंबूवाल्याचा निरोप आला. जाड कापडाला झिप लावण्याचा लेख त्यानं कधीतरी छापून कारखान्याच्या भिंतीवर चिकटवला होता. तळाशी एक गमतीची ओळ होती, ती हीच का? सोबत फोटो होता.

उद्या सकाळी चहाबरोबर उघडू, असं सवयीनं ताईच्या मनात आलं. तिनं त्या विचाराला तिथंच दटावलं. "अहो, इकडे या," तिनं हाक मारली. कित्येक दिवसांनी मारलेली हाक ऐकून नवरा धावतच आला. दोघांनी मिळून फोटो उघडला. कागद तेलकट झाला होता, पण अक्षरं स्वच्छ होती.

'ताई, झिपेवर एवढं वाचत बसलीस म्हणजे आज गिऱ्हाईक नाही. मग मला फोन कर. उचलणार नाही, पण कर.'

ताई खुदकन हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. नवऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही. मग तिनं मोबाइल उचलला आणि बारक्याचा नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एका बाईनं गोड आवाजात सांगितलं, पुन्हा सांगितलं. ताईनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि फोन मांडीवर ठेवला.

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "उचलला नाहीच."