आसनांची दिशा : चार गुण

बाबा गेल्यानंतरच्या सहाव्या रविवारी सकाळी आमच्या गल्लीत आठ गाड्या आल्या. प्रत्येक गाडी नऊ माणसांची होती आणि प्रत्येकीत एकच माणूस होता. गल्ली बंद पडली. समोरच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, "आता कोण गेलं?"

"कोणी नाही," आत्या म्हणाली. "जो गेलाय त्याचीच परीक्षा आहे."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई गेल्यापासून तीच घर बघत होती. बाबांची जुनी वॅगन गाडी सोडून घरातल्या सगळ्या वस्तूंवर तिचा जीव होता. वॅगनला ती घरजावई म्हणायची. "खातो ढीगभर, काम शून्य, आणि वर रोज अंघोळ घाला."

मी सहा वर्षांची असताना बाबांनी ही गाडी एका सर्वेक्षण खात्याच्या लिलावात घेतली. ट्रकच्या सांगाड्यावर लांबलचक पत्र्याची खोली बसवावी तशी ती आहे. आत तिघातिघांच्या तीन रांगा, मागे मोठी काच. ती शेडमध्ये मावेना म्हणून बाबांनी स्वयंपाकघराची भिंत दोन वीत आत घेतली. आमच्या ओट्याशी तेव्हापासून एका वेळी एकच माणूस उभं राहू शकतं. आईनं यावर काही म्हटल्याचं मला आठवत नाही. ती परिचारिका होती आणि तिनं याहून मोठ्या शस्त्रक्रिया पाहिल्या होत्या.

जुन्या मोठ्या वॅगन बाळगणाऱ्यांचं एक मंडळ आहे. बाबा धरून नऊ सभासद होते. मंडळाची नियमावली बाबांनी लिहिली होती. ते वजनमापे तपासनीस होते. ज्याच्या तराजूत पाच ग्रॅमची खोट निघे त्याच्याशी ते पुन्हा बोलत नसत, आणि अशा लोकांत माझे एक मामाही होते. वर्षातून एकदा प्रत्येक गाडीची शंभर गुणांची तपासणी व्हायची. शहाण्णव मिळाले की गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे असं मानून तिला पितळेची पट्टी देत. पट्टीवर 'अस्सल' एवढंच कोरलेलं असे.

आठ गाड्यांना पट्टी होती. बाबांच्या गाडीला तीस वर्षं दरवर्षी साडेपंच्याण्णव गुण मिळत आले होते.

कापलेल्या साडेचारांतला अर्धा गुण का जातो हे मला ठाऊक होतं. पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवशी बाबांनी पट्टी बसवायला डॅशबोर्डवर दोन भोकं पाडून ठेवली होती. कारखान्यानं ती पाडलेली नव्हती, त्यामुळे अर्धा गुण गेला. बुजवलेलं भोकही भोकच, असा नियम होता. तोही बाबांनीच लिहिला होता. उरलेले चार गुण कशाचे, हे मी कधी विचारलं नाही. हॉर्नचे असतील असं धरून चालले होते.

मंडळाचे अध्यक्ष दंतवैद्य आहेत. माझे दुधाचे दात त्यांनीच काढले. गाडीखाली आडवं होऊन ते दात बघायच्या आरशानं सांगाड्याची खालची बाजू बघतात. त्या दिवशी मात्र त्यांनी आरसा काढला नाही, पाना काढला.

"तपासणी दहाला आहे," ते म्हणाले. "आत्ता सव्वानऊ झालेत. चार बोल्ट आहेत. वीस मिनिटांचं काम."

"कसलं काम?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग चिटणिसांकडे. चिटणीस न्यायालयातले निवृत्त कारकून. मला त्यांनी लहानपणी कडेवर घेतलेलं आहे, पण मंडळाच्या कामात ते मला अहो-जाहो करतात.

"यांना माहीत नाही वाटतं," ते म्हणाले. "मागची सीट, बाई. कारखान्यातून ती पुढं तोंड करून येते. तुमच्या वडिलांनी उलटी बसवलीय. आसनांची दिशा, चार गुण."

मी गाडीच्या मागे गेले. मागची सीट काचेकडे तोंड करून होती, नेहमी असायची तशी. माझं सगळं लहानपण मी तिच्यावर बसून मागे जाताना पाहिलं होतं. ती तशीच असते, असं मला वाटायचं. मित्रमैत्रिणींच्या गाड्यांत ती तशी नसे तेव्हा मला त्या गाड्या स्वस्तातल्या वाटत.

"तू सात वर्षांची होतीस," दंतवैद्य म्हणाले. "रविवारी तुम्ही दोघं तळ्यावर जायचात. तुझ्या आईची दुपारची ड्यूटी असायची, ती यायची नाही. फाटकात उभी राहायची. तू मागं वळून वळून बघायचीस, आणि फाटक दिसेनासं झालं की रडायला लागायचीस. तळं येईपर्यंत. एका शनिवारी त्यानं सीट फिरवली."

"आणि नियम?"

"नियम त्यानंतर वर्षानं लिहिला. सीट उलटी असतानाच. आम्ही म्हटलं, अरे, हे कलम गाळ. तर म्हणाला, कारखान्यानं जी पुढं लावली ती पुढंच मोजायची. पुढं एकदा आम्ही दुरुस्तीची सूचनाही मांडली. आठ विरुद्ध एक. दुरुस्तीला एकमत लागतं."

"मी घर सोडून एकोणीस वर्षं झाली," मी म्हटलं. "त्यानंतर तरी फिरवायची."

"मी विचारलं होतं. दोनदा."

"काय म्हणाले?"

"पहिल्यांदा कार्बोरेटरबद्दल बोलला."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदाही कार्बोरेटरबद्दलच. पण जास्त वेळ."

चिटणिसांनी घसा साफ करून कलम सतरा वाचलं. सभासद निवर्तल्यास त्याच्या नावावर तीन महिन्यांच्या आत एक अंतिम तपासणी करता येते. त्यानंतर ते नाव पटावरून कमी होतं. बाबांच्या नावाची पट्टी त्यांनी खिशातच आणली होती, रुमालात गुंडाळून. "मी जरा बाहेर उभा राहतो," ते म्हणाले. "दहाच्या आधी गाडीत काय होतं ते मला कळायचं कारण नाही." त्यांनी आयुष्यात केलेली ही बहुधा एकमेव बेकायदा गोष्ट असावी. ती करताना त्यांचे कान लाल झाले.

बाबांना ती पट्टी हवी होती. नको असती तर भोकं पाडली नसती. दर वर्षी निकालाच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालत आणि संध्याकाळी तो काढून स्वतःच धूत. मी दंतवैद्यांना म्हटलं, "करा."

पाना पहिल्या बोल्टला लागला. दंतवैद्यांनी जोर लावायला दोन्ही पाय रोवले, आणि बोल्ट इतक्या अलगद फिरला की ते तोल जाऊन आत्याच्या कुंडीवर बसले.

"एवढ्या वर्षांचा बोल्ट असा निघत नसतो," भूगोलाचे मास्तर म्हणाले. ते मंडळाचे रस्तेप्रमुख. त्यांनी बोल्ट हातात घेऊन उन्हात धरला. आटे चकचकीत होते. त्यांत ग्रीस होतं, पिवळं आणि मऊ, धूळसुद्धा न धरलेलं. "हा गेल्या वर्षाभरात काढलेला आहे."

आम्ही उरलेले तीन बोल्ट पाहिले. तेही तसेच.

म्हणजे दर वर्षी तपासणीच्या आधी बाबा हे चार बोल्ट काढत होते, पुसत होते, ग्रीस लावत होते आणि सीट होती तशीच परत बसवत होते. राहून गेलेलं काम हे नव्हतं. बाबांचं कुठलं काम राहून गेलेलं मला माहीत नाही.

"लावा परत," मी म्हटलं.

"अगं, साडेपंच्याण्णव होतील."

"हो."

"उद्यापासून त्याच्या नावावर काही करता येणार नाही. आणखी सहा जण साक्षीला आहेत, नंतर मला म्हणू नकोस."

"नाही म्हणणार. लावा."

त्यांनी बोल्ट लावले. शेवटचा आवळताना ते गाडीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "बापावर गेलीय."

तपासणीचा शेवटचा भाग म्हणजे फेरी. गाडी नऊ माणसांची असेल तर ती नऊ माणसं बसवूनच चालवून बघायची, रिकाम्या गाडीची परीक्षा ही परीक्षाच नव्हे, असं बाबांचं कलम आहे. चालवायचं मालकानं. मंडळात आता आठच जण उरले होते, त्यामुळे मी बसल्यावर हिशेब बरोबर जुळला. मागच्या सीटवर दोन सभासद आणि दंतवैद्य बसले. ती जागा लहान मुलाच्या पायांच्या मापानं ठेवलेली आहे. दंतवैद्यांचे गुडघे दाराला टेकले.

गाडी चौथ्या प्रयत्नात सुरू झाली. आत्या फाटकात उभी होती. ती कधी कोणाला हात करत नाही, तिच्या मते तो वेळेचा अपव्यय आहे. पण मी आरशात पाहिलं तर दंतवैद्य मागच्या काचेतून हात हलवत होते, आणि थोड्या वेळानं आत्यानंही पोतेरं धरलेला हात अर्धा वर केला. दंतवैद्य कोपऱ्यापर्यंत हात हलवत राहिले. नंतर म्हणाले, तिथं बसलं की दुसरं काही करता येत नाही.

रस्ता तळ्याचाच होता. त्या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेले होते. लाकडाची वखार, पाण्याची टाकी, निळ्या दारांचं गोदाम, सगळं मला पाठ होतं. तरी वळण चुकलं.

"डावीकडे होतं," मास्तर म्हणाले.

"कुठे?"

"गेलं ते."

मी आरशात पाहिलं आणि मला वळण दिसलं. टाकी उजवीकडे, गोदाम डावीकडे, मधून रस्ता. अगदी ओळखीचं. मला ते सारं लांब जात असतानाच ओळखता येत होतं. जवळ येताना त्यातलं काहीच मी कधी पाहिलेलं नव्हतं.

"आयुष्यभर याच रस्त्यानं गेलीस ना?" मास्तरांनी विचारलं.

"हो. पण उलटी."

मास्तरांनी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला होता. असं उत्तर त्यांना बहुतेक पहिल्यांदाच मिळालं. ते खिडकीबाहेर बघू लागले.

आता अठरा फुटांची गाडी नऊ माणसांसह मागे घ्यायची होती. सगळे मागं वळून बघू लागले, त्यामुळे आरशात सभासदांच्या टोप्यांशिवाय काही दिसेना. तेव्हा मागून दंतवैद्यांचा आवाज आला, "ये. ये. ये. थोडी तुझ्या डावीकडे. तिकडे नाही, ती माझी डावी. ये. सायकल आहे, थांब. गेली. ये." त्यांच्या सांगण्यावर मी गाडी पन्नास पावलं मागे घेतली आणि वळवली.

"त्या सीटचा उपयोग झाला की," कोणीतरी म्हणालं.

"याला गुण नाहीत," चिटणीस म्हणाले.

घरी आल्यावर चिटणिसांनी बॉनेटवर कागद ठेवून बेरीज केली, दोनदा, आणि उभं राहून निकाल वाचला. साडेपंच्याण्णव. नामंजूर. पट्टीचा रुमाल त्यांनी खिशात आणखी खोल सरकवला.

"झालं का पास?" आत्यानं विचारलं.

"नाही."

"बरं झालं. पितळ कोण घासणार होतं." ती आत गेली. स्वयंपाकघरात बराच वेळ नळ चालू होता.

"एक रकाना राहिला," चिटणीस म्हणाले. "गुण कापले की मालकाचा खुलासा घ्यावा लागतो. भोकांसाठी लागत नाही, एका गुणाच्या आत आहेत. सीटसाठी लागतो. तुमचे वडील दर वर्षी लिहून देत."

"काय लिहीत?"

त्यांनी फाइल उघडली. तीस कागद होते, वर्षांच्या क्रमानं लावलेले. प्रत्येकावर खाली बाबांचं तेच उभट, न जोडलेलं अक्षर, तराजूंच्या दाखल्यांवर असायचं तसं. मी आठ वर्षांची असतानाचा कागद पाहिला. शाळा संपली त्या वर्षीचा पाहिला. घर सोडलं त्याच्या पुढच्या वर्षीचा, मग त्याच्या पुढचा, आणि मग गेल्या वर्षीचा. सगळ्यांवर एकच वाक्य होतं.

आसन वापरात आहे.

मी चिटणिसांचं पेन घेतलं. दुसरं काही सुचतंय का, ते पाहिलं. मग एकतिसाव्या कागदावर तेच लिहिलं आणि सही केली.

चिटणिसांनी ते वाचलं आणि चष्मा वर केला. "बाई, खुलासा खरा असावा लागतो. मला विचारणं भाग आहे. आसन वापरात आहे?"

तेवढ्यात मागच्या काचेवर कोणीतरी बोटानं टकटक केलं. ते दार फक्त बाहेरून उघडतं. गडबडीत ते कोणी उघडलंच नव्हतं, आणि दंतवैद्य आणि ते दोघं अजून आतच होते.