गरम खडीचा वैद्य

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. माणसांचा ताप मला कळत नाही. मला कळतो तो रस्त्यावर टाकायच्या गरम डांबरी खडीचा. वीतभर पोलादी सळई आणि तिच्या डोक्यावर घड्याळासारखी काचेची तबकडी, एवढाच माझा देह. कारखान्यातून निघालो तो थेट रस्त्याच्या कामावरच्या एका मुकादमांच्या खिशात आलो.

एकवीस वर्षे असे चालले. ट्रक आला की मुकादम मला खडीत खुपसत. "थांबा, आमचे वैद्यबुवा काय म्हणतात बघू!" आणि सगळे माझ्यावर वाकत. तो मान मला फार आवडे.

मग मुकादमांची लेक त्यांच्याबरोबर कामावर येऊ लागली. तिने बंदुकीच्या आकाराचा नवा थर्मामीटर आणला. चाप ओढला की लांबूनच आकडा दिसे. भाजणे नाही, माखणे नाही. लेक त्या बंदुकीला मऊ फडक्याने पुसून पेटीत ठेवी. मी पडून असे गंजक्या पान्यांच्या डब्यात. खोटे कशाला सांगू, माझा नुसता जळफळाट होई.

एकदा मुकादमांच्या थोरल्या बहिणीकडे काम निघाले. तिचे यजमान चाकांच्या खुर्चीवर असत. फाटकापासून दारापर्यंतच्या चिखलात खुर्ची रुते, म्हणून डांबरी वाट हवी होती. दोन दिवसांनी ते दवाखान्यातून घरी यायचे होते. ट्रक दारात लागला आणि ऐन थंडीतला अवकाळी पाऊस भुरभुरू लागला.

लेकीने बंदूक जमिनीवर रोखली. "बाबा, खाली सातच अंश आहे, आणि सगळी ओल. आज नको, डांबर धरणार नाही. माल परत पाठवा."

"तुझं खेळणं ठेव आत." मुकादमांनी ताडपत्री वर केली आणि मला खुपसले. "एकशे पंचेचाळीस! आणखी काय हवं?"

ताई छत्री घेऊन बाहेर आल्या. "अरे, भांडताय काय बापलेक? परवापर्यंत होईल ना?"

"ताई, मी आहे ना!"

मी खरेच सांगितले होते. माल गरमच होता. पण जमिनीतले मला काही कळत नाही, हे सांगायला मला तोंड नव्हते. असते तरी मी गप्प राहिलो असतो. बंदुकीची जिरली, यातच मला आनंद होता!

वाफा उठल्या, रोलर फिरला. महिन्याभरात तो थर पापुद्र्यासारखा सुटला. खुर्चीचे चाक खड्ड्यात अडकले. यजमानांना सावरताना ताईंचे मनगट मोडले.

"तू आहेस म्हणून निर्धास्त होते रे," एवढेच त्या म्हणाल्या.

मुकादमांनी सगळा थर उखडला. आठ दिवस कडक ऊन पडू दिले. मग मान खाली घालून लेकीला म्हणाले, "आधी तुझं यंत्र काय म्हणतं, ते सांग." त्यानंतर मला खुपसले.

मित्रांनो, ती बंदूक पेटीतून निघाली की माझ्या पोटात अजूनही दुखते. तरी एक मागणे आहे. आम्हा जुन्यांना धुऊनपुसून ठेवा, आमचा काटा तपासत जा, पण आम्हाला कळते तेवढेच विचारा. आम्ही मानाचे लोभी. हे आम्हाला ठाऊक नाही, असे आम्ही कधीच सांगणार नाही.