नानांच्या वहाणेची वादी

माझा भाऊ राजा झाला खरा, पण शेजारच्या गावच्या राजाला पदावरून उतरवलं आणि याची झोपच उडाली. आमच्यात राजाला नाना म्हणतात, आणि त्याला उतरवायला मारामारी लागत नाही. वडीलधारी येतात, त्याच्या पायातल्या वहाणा काढतात आणि अनवाणी पाऊल मातीला टेकवतात. टेकलं की संपलं. म्हणून राजाचा उघडा पाय जमिनीला कधी लागू द्यायचा नाही.

झालं! तेव्हापासून हा आल्यागेल्याच्या हातांकडे बघत बसायचा. कोणी वाकलं की पाय मागे घ्यायचा. मी त्याची थोरली बहीण, गावची राजमाता; आमच्यात राजाची बहीणही राजमाता होते. पण मी कंद कुटून केलेला फुफू वाढला तरी पहिला घास मलाच खायला लावायचा. असा राग यायचा म्हणून सांगू!

अशातच एका दुपारी त्याचा डोळा लागला होता. चाहूल लागून उठतो, तर आसियामा त्याची सणाची उजवी वहाण अंगावरच्या कापडाखाली लपवून निघालेला. आसियामा म्हणजे राजाची काठी धरणारा, दरबारात त्याच्या वतीने बोलणारा माणूस. उभा जन्म आमच्या दारात गेला त्याचा.

लगेच दरबार भरवला. वहाण मध्ये ठेवली. कुठे नेत होतास, म्हणून भावाने खोदून खोदून विचारलं. आसियामा एवढंच बोलला, "नाना, चारचौघांत नाही सांगता येणार. सण पार पडू द्या, मग सांगतो."

"ऐकलंस ताई? सणाचाच मुहूर्त धरलाय यांनी."

मी म्हटलं, अरे, आत बोलावून एकट्याला विचार. तर म्हणे, एकटा सापडलो तर पायातल्याही काढेल. आता याच्यापुढे कोण डोकं फोडणार? आसियामाची काठी काढून घेतली, त्याला घरी धाडलं. वहाण तशीच पेटीत बंद केली आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली.

सणाच्या दिवशी ढोल दणाणले, मोठाल्या छत्र्या डोलायला लागल्या. भाऊ पालखीतून उतरून चालायला लागला, आणि त्याच उजव्या वहाणेची वादी तटकन तुटली. तेवढ्यात गर्दीतून आसियामा धावला, गुडघ्यांवर पडला आणि त्याने दोन्ही तळवे राजाच्या पायाखाली सरकवले.

"वहाण काढतोय! धरा त्याला!" असं ओरडून भावाने त्या हातांना लाथ घातली.

तोच उघडा पाय थेट मातीत पडला. ढोल थांबले. पूर्वजांची शपथ घेऊन सांगते, तोवर वडीलधाऱ्यांच्या मनात त्याला उतरवायचं काही नव्हतं. संध्याकाळी ते बैठकीला बसले.

मी वहाण उचलून पाहिली. वादी आतून कुजलेली होती. राजाची वहाण तुटेल, असं आमच्यात कोणी तोंडातून काढत नाही, सणाच्या तोंडावर तर नाहीच. तो शापच समजतात. म्हणून बिचारा आसियामा ती गुपचूप शिवून आणायला निघाला होता.

भाऊ अंगणात पायाची माती बघत बसला होता. "पण ताई," तो म्हणाला, "मग आज त्याने हात कशाला घातले?"

"तुझा पाय झेलायला," मी म्हटलं.