खाली कोण थांबणार?

गुरुवारी कंपनीला सुट्टी होती, तरी निरंजनला बसवत नव्हतं. संध्याकाळी मुलं शाळेतून आली, तेव्हाही तो मोबाइल घेऊन हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होता. त्याची बायको पद्मजा गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी जवळ आली होती. तो आठवडा घरात काढायचाच नाही, मुलांना घेऊन थीम पार्कला जायचं, असं त्याने ठरवलं होतं.

“सकाळी पाण्याच्या घसरगुंड्या, मग आकाशपाळणा, जेवण उरकलं की लगेच रोलर कोस्टर,” तो सांगत सुटला.

“पप्पा, ही ट्रिप आहे की तुमची शिफ्ट?” सुखदा म्हणाली. धाकटा शार्दूल खिदळला.

“मोकळा वेळ ठेवायचाच नाही.”

“आणि आपण तिघं वर गेल्यावर खाली बॅगा घेऊन कोण थांबणार?”

निरंजन थबकला. पद्मजाला उंचीची भीती वाटायची. प्रत्येक जत्रेत ती सगळ्यांच्या चपला-पिशव्या सांभाळत खाली उभी राहायची आणि मुलं वरून तिला शोधायची.

“तिथे लॉकर असतात.”

“लॉकर हात करतो का खालून?”

एका जागी थांबलं की पद्मजाची आठवण अंगावर यायची, म्हणून तर ही सगळी धावपळ. तरी तो मुलांच्या मध्ये सोफ्यावर टेकला.

“मी थांबेन खाली,” तो म्हणाला.

“आई दोन्ही हात हलवायची हं,” शार्दूलने बजावलं.