एंगेज

बोर्डबाईंना इस्पितळात सगळे आवाजानं ओळखत, चेहऱ्यानं जवळजवळ कुणीच नाही. तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागच्या बाजूला, खिडकी नसलेल्या एका खोलीत टेलिफोनचा बोर्ड होता आणि बाईंनी अख्खी नोकरी त्या बोर्डासमोर काढली. बाहेरून आलेला फोन घ्यायचा, कोण हवंय ते विचारायचं आणि जोडून द्यायचा, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. पण वॉर्डात आई अत्यवस्थ असलेला मुलगा आणि जेवण गार मिळालं म्हणून भांडायला निघालेला गृहस्थ असे दोघं एकदमच ओरडायला लागले, तर आधी कुणाला जोडायचं हे बाईंना नुसत्या श्वासावरून कळायचं. मोठमोठे डॉक्टर त्यांना वचकून असत. एका बड्या सर्जननं एकदा आवाज चढवला, तेव्हा बाईंनी अगदी गोड आवाजात त्यालाच होल्डवर ठेवून दिलं होतं. ही हकीकत इस्पितळात पुढे बरीच वर्षं चवीनं सांगितली जायची.

हाताखाली येणाऱ्या प्रत्येक मुलीला बाई दोन गोष्टी बजावायच्या. होल्डवर ठेवलेल्या माणसाला विसरायचं नाही. थोड्या थोड्या वेळानं परत जाऊन सांगायचं, 'अजून एंगेज आहे हं, लाइनवर राहा.' आणि निरोप घेतला की शब्दाला शब्द पोचवायचा, त्यात पदरचं काही घालायचं नाही. बाकी सगळं हळूहळू येतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आता ज्या बाईला कुठेच वेळेवर जायचं नाही तिला घड्याळ कशाला, हे देणाऱ्यांच्या डोक्यात आलं नाही. प्रत्येक जण हात हातात घेऊन एकच वाक्य म्हणत होता, "काय बाई, सुटलात! आता मोकळ्या!" बाई हसून मान हलवत राहिल्या. मोकळी हा शब्द त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. बोर्डाच्या भाषेत मोकळी लाइन म्हणजे जिच्यावर कुणीही बोलत नाही अशी लाइन.

सुरुवातीला बरं वाटलं, नाही असं नाही. बाईंनी कपाटं आवरली, पडदे धुतले, मग पुन्हा कपाटं आवरली. आवरलेलं कपाट किती वेळा आवरणार? सकाळची कामं सकाळीच संपायची आणि पुढे दिवस नुसता अंगावर यायचा. नवरा जाऊन कित्येक वर्षं झाली होती. मुलगा लांबच्या शहरात, बायको-मुलीसह. दिवसभरात तोंड उघडायचं ते दुकानदारापुढे, तेही 'पाव किलो' आणि 'पिशवी नको' एवढ्यापुरतं. जन्मभर बोलून पोट भरलेल्या बाईचा घसा आता न बोलून बसायला लागला.

मुलगा दर रविवारी दुपारी फोन करायचा. पहिल्याच महिन्यात त्यानं विचारलं, "आई, सर्दी झालीय का गं? आवाज कसा येतोय!" सर्दीबिर्दी काही नव्हती. आदल्या दिवसापासून त्या कुणाशी बोलल्याच नव्हत्या. तेव्हापासून रविवारी जेवण झालं की बाई वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून आधी आवाज मोकळा करून घ्यायच्या आणि मगच फोनजवळ बसायच्या.

"मग, काय करतेस दिवसभर?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. एकदा त्या उत्तर जुळवत असताना मागून सूनबाईंचा आवाज आला, "करणार तरी काय बिचाऱ्या!" सून वाईट नव्हती, कळवळ्यानंच म्हणाली. पण सगळ्या इस्पितळाला ताटकळत ठेवणारी ही बाई, आणि तिला बिचारी म्हणायचं? तो शब्द बाईंना आठवडाभर टोचत राहिला.

पुढच्या रविवारी फोनचं टेबल पुसताना रिसीव्हर नीट बसला नाही. मुलाला फोन लागला तो बऱ्याच उशिरानं, आणि तो बोलला तो हसतच.

"काय गं आई! केव्हाचा लावतोय, सारखा एंगेज! कुणाशी एवढ्या गप्पा?"

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "अरे, आमच्या मैत्रिणी. एकदा सुरू झाल्या की सोडतात कुठे!"

"वा! म्हणजे आमचं तुला काही नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली कीव गेलेली बाईंना स्पष्ट ऐकू आली. कानच तसे होते त्यांचे.

झालं. त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी रिसीव्हर उचलून टेबलावर काढून ठेवायचा, हा बाईंचा कार्यक्रम झाला. काढून ठेवलेला रिसीव्हर थोड्या वेळानं ठणाणा करायला लागतो, म्हणून त्यावर उशी. एंगेजचाही एक अंदाज असतो, आणि तो बाईंइतका कुणाला असणार? थोडा वेळ एंगेज लागला तर माणूस मान देतो. फार वेळ लागला तर कंटाळून नाद सोडतो. बाई बरोबर मधे उशी बाजूला करायच्या, रिसीव्हर जागेवर ठेवायच्या, आणि फोन वाजायचाच.

मैत्रिणीही हळूहळू वाढल्या. एक गुडघेवाली, एक जावयानं छळलेली, एक वाचनालयातली, जिला सगळ्यांची सगळी खबर. मुलगा इमानानं चौकशी करायचा, "त्या गुडघेवाल्या मावशी कशा आहेत?" शेवटी बाईंना त्या गुडघ्याचं ऑपरेशन करून टाकावं लागलं. सगळ्या जणी रविवारी माझ्याकडेच जमतात, हेही एकदा बोलून झालं. मुलगा खूश. "तुझी काळजीच नाही बघ," म्हणायचा. आणि काळजी नाही म्हटल्यावर माणूस येईल कशाला? निवृत्तीनंतर तो एकदाही आला नव्हता. 'या महिन्यात बघतो,' 'पुढच्या महिन्यात नक्की,' असं चाललं होतं. बाईही म्हणायच्या, "ये सवडीनं, मी तरी कुठे रिकामी आहे!" आणि फोन ठेवला की येतो म्हणाला, येतो म्हणाला, असं स्वतःशी घोकत घरभर फिरायच्या. नातीसाठी आणलेला रंगीत खडूंचा डबा कपाटात होता. प्रत्येक आवराआवरीत तो बाहेर यायचा आणि पुसून परत आत जायचा.

त्या रविवारी बाई जरा घुश्शात होत्या. आदल्या वेळी मुलानं दोन वाक्यांत गुंडाळलं होतं, "पाहुणे आलेत गं, ठेवतो." आज जरा ताटकळू दे, कळू दे त्यालाही, असं म्हणून त्यांनी उशी नेहमीपेक्षा बराच वेळ तशीच ठेवली. चहा केला, तो सावकाश प्यायला, कप विसळून पालथा घातला. मग उशी काढली, रिसीव्हर जागेवर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.

फोन वाजला नाही.

लागेल, म्हणून त्या बसून राहिल्या. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं आणि गेलं. फोन बंद तर नाही पडला? त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. आवाज व्यवस्थित होता. आणि एकदम धसकल्या, नेमका आत्ताच तो लावत असला तर? घाईनं खाली ठेवला. असं त्यांनी संध्याकाळपर्यंत कितीदा केलं कोण जाणे. दिवा लावायला उठायचं सुद्धा राहून गेलं.

सोमवारी दुपारी फोन वाजला तेव्हा बाईंचे हात पिठाचे होते. तसाच उचलला.

"आई, ऑफिसातून बोलतोय. अगं, काल एक गंमतच झाली. आम्ही तुझ्या शहरात होतो."

"कुठे?"

"स्टेशनवर. मी आणि पोरगी. तिच्या मावशीकडून परत येताना गाडी बदलायची होती, मधे बराच वेळ होता. पोरगी म्हणाली, आजीला न सांगता जाऊ या. पण तुझी रविवारची मंडळी जमलेली असणार, मधेच कसं टपकायचं? म्हणून स्टेशनवरच्या बूथमधून फोन लावला. एंगेज!" तो हसत होता. "पोरगी तर नाणं घेऊनच उभी. म्हटलं, होईल आत्ता मोकळी, होईल आत्ता मोकळी. मग काय, गाडीच लागली."

बाईंनी खुर्ची ओढली. पिठाचा हात खुर्चीला लागला.

"तसेच का नाही आलास?"

"निघायला हवं होतं गं, आता वाटतं. पण प्रत्येक वेळी वाटायचं, आता लागेल. पोरगी विचारत होती, आजी कुणाशी बोलते एवढं? मी म्हटलं, तुझ्या आजीला तुझ्यापेक्षा जास्त मैत्रिणी आहेत." तो पुन्हा हसला. "खरं सांगू? मला बरंच वाटलं. इथे एकेकाच्या आया बघतो ना, दिवसभर फोनकडे डोळे लावून बसलेल्या. तू आपली मजेत."

काल बाईंच्या हाताशी फोन होता, फोनवर उशी होती, आणि स्टेशनवर त्यांची नात मुठीत नाणं धरून उभी होती. मधे काय होतं? काही नव्हतं, नुसती एक उशी. इतकं वाईट त्यांना नवरा गेल्यानंतर कधी वाटलं नव्हतं.

"अरे, ऐक," त्या म्हणाल्या. "ऐक माझं. काल मी कुणाशी…"

"आई, एक मिनिट हं, साहेबांची लाइन येतेय. होल्ड कर."

आणि एक बारीक सूर वाजायला लागला.

बाई होल्डवर राहिल्या. वाक्य त्यांनी जुळवून ठेवलं. सूर संपला, पहिल्यापासून सुरू झाला. कधीतरी कुणीतरी परत येऊन सांगायला हवं, लाइनवर राहा म्हणून. हजारो माणसांना त्यांनी तसं सांगितलं होतं, आणि ती माणसं पलीकडे अशी रिसीव्हर कानाला घट्ट धरून बसत असतील, हे आज त्यांच्या लक्षात आलं. सूर तिसऱ्यांदा सुरू झाला. मग खट्ट झालं आणि लाइन तुटली.

तो लावेल परत, म्हणून त्यांनी रिसीव्हर ठेवला. नीट बसलाय ना, बोटानं दाबून पाहिलं. हात धुऊन आल्या. कणीक तशीच पडली होती. तो काही लावत नव्हता. कामात विसरला असेल, त्याला तरी काय म्हणायचं? आता लावील तो रविवारीच. तोवर हे वाक्य पोटात टिकणार नाही, हे त्यांना माहीत होतं. रविवार आला की आपण पुन्हा उशी शोधू, हेही माहीत होतं.

मुलाच्या ऑफिसचा नंबर त्यांच्याकडे होता, पण त्यांनी तो कधी फिरवला नव्हता. आपण होऊन फोन करते ती रिकामी बाई, असा त्यांचा हट्ट. आज त्यांनी फिरवला.

पलीकडे एका बाईचा आवाज आला. कामाचा, स्वच्छ, न थकलेला. बाईंना बरं वाटलं. त्यांनी मुलाचं नाव आणि खातं सांगितलं.

"साहेब दुसऱ्या लाइनवर आहेत. होल्ड करता?"

"करते."

पुन्हा तोच सूर. पण थोड्याच वेळात तो थांबला आणि ती परत आली. "अजून एंगेज आहेत हं. लाइनवर राहा."

बाईंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "शिकवलंय तुला कुणीतरी चांगलं," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"काही नाही गं. राहते मी."

ती पुन्हा आली. "नाही हो, लांबतंय त्यांचं. निरोप घेऊ का? कोण बोलतंय?"

"त्यांची आई."

"सांगा, लिहून घेते."

निरोप छोटा असावा, हे त्यांनीच किती जणींना शिकवलं होतं.

"लिही. काल लाइनवर कुणी नव्हतं."

पलीकडे पेन थांबल्याचं बाईंना कळलं. "काल… लाइनवर… कुणी नव्हतं. एवढंच?"

"एवढंच. शब्दाला शब्द दे हं, बाळ. पदरचं काही घालू नकोस."

"नाही घालणार," ती म्हणाली. मग कामाच्या आवाजात, पण जरा हळू, तिनं विचारलं, "ते उलट फोन करतील ना, तेव्हा तुम्ही कामात असाल का? की असाल मोकळ्या?"

बाईंनी एकदा उशीकडे पाहिलं.

"मोकळी आहे," त्या म्हणाल्या. "सांग त्यांना. आज, उद्या, केव्हाही. मी अगदी मोकळी आहे."